बिरूचा उंबरठा

सोमवार, ३ नोव्हेंबर १९५२. शहाड.

सखुबाईने आज रजा मागितली नाही, सरळ सांगूनच टाकलं. तिच्या मुलीचे दिवस भरत आलेत, ती उद्या वाशिंदला जाणार. "महिना-दीड महिना धरा बाबू," म्हणाली. धरा काय धरा! दिवसभर बायकोजवळ बसायला तीच एक होती. मी कल्याणला मालधक्क्यावर, मूलबाळ झालं नाही, आणि घर असं रानात की हाक मारली तर फक्त आमचा कुत्रा बिरू ओ देणार.

हिचं विसरणं दोन वर्षांपासून चालू आहे. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं, मी चिडायचो. मग दूध उतू जायला लागलं, मी आणखी चिडायचो. या श्रावणात एकदा ड्यूटीवरून आलो तर दारात उभी राहून अगदी अदबीने विचारते, "कुणाकडे आलात आपण?" मला वाटलं थट्टा करतेय. मी हसलोसुद्धा.

कल्याणच्या डॉक्टरांनी नाव विचारलं तर म्हणाली, "शकू." ते हिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मी 'मंदाकिनी' लिहिलं होतं, तेव्हा मंडपात सगळ्यांनी वाहवा केली होती. खरं म्हणजे मी दोन्ही नावांनी हिला कधी हाक मारलेली नाही, 'अगं'वर सगळा संसार झाला. डॉक्टर म्हणाले, वय पन्नासही नाही, पण होतं असं एखाद्याला. टॉनिक द्या आणि एकटं बाहेर सोडू नका. टॉनिक इतकं कडू आहे की ते बिरूसुद्धा चाटत नाही.

बाहेर सोडू नका हे मात्र खरं. दोनदा निघून गेली होती आणि दोन्ही वेळा रुळांकडे. "माहेरी जाऊन येते," म्हणे. रुळांपलीकडे हिचं माहेर होतं. होतं! लढाईत सरकारने ते गावच उठवलं, पलटणीसाठी बराकी बांधल्या आणि आता त्यांत सिंधी निर्वासित राहतात. भाऊ होता तोही वारला. हे मी हिला बसवून, समजावून, ओरडून, सगळ्या तऱ्हांनी सांगितलं. ती ऐकते, मान हलवते आणि पुन्हा पायात चपला घालते.

नोकरीचं वर्ष राहिलंय. रजा होत्या तेवढ्या डॉक्टरांत गेल्या. उद्यापासून पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालणार, मागच्यालाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बायकोला कुलपात ठेवणारा माणूस. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय.

काल बिरूला बाहेर ठेवून गेलो होतो, घराची राखण होईल म्हणून. परत आलो तर ही आत खिडकीचे गज धरून रडतेय आणि हा बाहेर गजांवर पाय ठेवून रडतोय. दोघांची तोंडं समोरासमोर. मी कुलूप काढलं तर दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

बिरू हा लोको शेडच्या गोऱ्या फोरमनचा कुत्रा. साहेब सत्तेचाळीस साली बोटीवर चढला आणि जाताना हे पिल्लू माझ्या ओटीत टाकून गेला. नाव ब्रुनो. हिने त्याच दिवशी त्याचा बिरू केला. नावापेक्षा अंगाने जास्त बदलला; आज वासराएवढा आहे, पुढचे पाय माझ्या खांद्यावर ठेवतो. मला ही विसरली, त्याला नाही विसरली. रोज त्याला नावाने हाक मारते, भाकरी मोडून घालते. कुत्र्याचा हेवा करायची पाळी आली माझ्यावर. करतो, काय करू!

आज त्याला आत ठेवलं. ही शांत बसली होती, त्याच्या पाठीवर हात ठेवून. बरं वाटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

एक नीट करायला जावं तर दुसरं बिघडतं. साहेबाने त्याला काय शिस्त लावली होती देव जाणे, बिरू घरात घाण करत नाही म्हणजे नाही. दिवसभर दाबून धरतो. मी कुलूप काढलं की माझ्या पायांमधून असा सुटतो की मी दोनदा आपटलोय. आज तर उठेचना. पोट टम्म, पाय लटपटतायत. सायकल तशीच वळवली, गुरांच्या डॉक्टरला घेऊन आलो. ते माझ्यावरच डाफरले, "मुक्या जनावराला कोंडता? लघवी तुंबून मरेल."

म्हटलं, डॉक्टर, मी जनावराला कोंडत नाही. फी हातात ठेवली आणि बिरूला धरून परसात नेलं.

बाहेर ठेवलं तर ही रडते, आत ठेवलं तर तो मरतो. धक्क्यावर सांगितलं तेव्हा बरोबरीचे टिपणीस म्हणाले, साहेबलोक बंगल्यात कुत्र्यासाठी दाराला खाली वेगळी झडप ठेवायचे, कुत्रं आपलं आपण जातं-येतं. एवढी वर्षं गोऱ्यांच्या हाताखाली काढली आणि मला हे सुचलं नव्हतं! उद्या गोविंदा सुताराला गाठतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गोविंदा आला, पाहून गेला. मागच्या दाराला हात लावायला तयार नाही. म्हणतो, फळ्या अरुंद आहेत, एवढ्या कुत्र्यासाठी कापलं तर दार उरणारच नाही. त्यापेक्षा मागच्या पडवीच्या लाकडी भिंतीत वेगळी चौकट बसवू. पटलं.

मग बिरूचं माप घेतलं. पार्सल मोजायच्या टेपने मोजलं, खांद्यापासून जमिनीपर्यंत, बरगड्यांची रुंदी, वर चार बोटं सैल. तो लग्नाच्या घोड्यासारखा ऐटीत उभा राहिला होता. ही पलीकडे बसून बघत होती.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग गोविंदा म्हणाला, "उंबरठा सागाचा घालू का शिसवी?"

मी म्हटलं, "कुत्र्याला उंबरठा? गोविंदा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"विठ्ठलराव, खिडकी बसवायची असेल तर तसं सांगा. जायची-यायची वाट असेल तर उंबरठ्याशिवाय चौकट मी उभी करत नाही. माझ्या बापाने केली नाही. घराला भोक पाडून सोडून देऊ काय?"

वाद घातला. पण तो करवत पिशवीत घालायला लागला तेव्हा मी म्हटलं, घाल बाबा, सागाचा घाल. टिपणीसांनी नवी शंका काढली आहे, चोर शिरला तर? शिरू दे की. आत बिरू आहे, चोराला झडपेतून डोकं घालून तर बघू दे! मुंगूस, साप, मांजर या सगळ्यांचा विचार करून झाला. झडप खालपर्यंत जाड सागवानी ठेवतोय.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज बऱ्याच दिवसांनी बरा दिवस गेला.

चौकट बसली. झडपेला वरून चामड्याच्या पट्ट्या लावल्यात, आतून ढकला, बाहेरून ढकला, आपली आपण मिटते. गोविंदाने पिशवीतून नारळ काढला आणि म्हणाला, "वहिनींना बोलवा. नव्या चौकटीला घरच्या बाईचा हात लागायला हवा."

मी म्हटलं, अरे तिला आता काही कळत नाही, उगाच कशाला. पण ही आपण होऊन उठली. देवघरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली. कुठे आहे तो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पदर खोचला, खाली बसली, उंबरठा ओल्या फडक्याने पुसला, दोन टोकांना हळद, मग कुंकू, मग मध्ये दोन फुलं, आणि हात जोडले. एक गोष्ट चुकली नाही. पूर्वी पुढच्या दाराचा उंबरठा रोज असाच पुजायची. कुलूप लागल्यापासून तिकडे फिरकतसुद्धा नाही. गोविंदाला म्हटलं, तुझा हट्ट कामाला आला रे.

संध्याकाळी बिरूची शिकवणी. महाराज झडपेला नाक लावायला तयार नाहीत. मी बाहेर जाऊन भाकरी दाखवली, आतून ढकललं, शिव्या दिल्या. शेवटी मीच ओणवा होऊन झडपेतून डोकं बाहेर काढून दाखवलं, "हे बघ गाढवा, असं!" बिरूने जांभई दिली. ही मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसली. बिरू न शिकला तरी चालेल असं वाटलं मला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शिकला! ड्यूटीवरून आलो तर पठ्ठ्या परसात उन्हात पडलेला. मला बघून शेपटी हलवत झडपेतून आत गेला, जसा काही जन्मापासून जातोय. मी असताना तीन दिवस ढिम्म हलला नाही आणि मी गेल्यावर आपला आपण शिकला. जनावराला आपल्यासमोर लाज वाटते की काय!

ही शांत. लुगड्याला गुडघ्यांवर माती लागली होती. बिरू बाहेरून येऊन अंगाशी लोळत असणार. उद्यापासून झडपेशी पोतं टाकून ठेवतो, पाय पुसायला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आठवडाभर लिहायला काही नव्हतं. काही नव्हतं हेच केवढं आहे. ही रात्री गाढ झोपते. गजांशी उभं राहून रडणं बंद. डॉक्टरांच्या टॉनिकचा गुण असावा.

नव्या उंबरठ्याला रोज हळदीकुंकू असतं. पुढच्या दाराला एक बोट नाही आणि कुत्र्याच्या भोकाची रोज पूजा! हसू येतं आणि वाईटही वाटतं. एवढ्या शहाण्या बाईला दार कुठलं आणि भोक कुठलं तेही कळेनासं झालंय. पण करू दे. हातांना काहीतरी आठवतंय.

बुधवार, ३ डिसेंबर

बिरूने निवडुंगाच्या कुंपणाला भगदाड पाडलंय. आणि पाडलं ते एवढं मोठं की मीच उभा जाईन. चांगला झोडपायचा विचार होता, पण तो जवळ येऊन हातावर डोकं ठेवतो, मग काय मारणार. हिच्या पदराला कुसळं चिकटली होती, ती बसून काढली. बिरूच्या अंगावरची असणार. हाताला निवडुंगाचा ओरखडाही आहे. विचारलं तर म्हणाली, "वाटेत लागलं."

"कसल्या वाटेत?" म्हटलं.

"घरी जाताना."

आता हिच्याशी काय बोलायचं. तेल लावलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

हिच्या ओच्यात आज भाजक्या पापडाचा तुकडा सापडला. घरात पापड नाहीत. सगळे डबे पालथे घातले. सखुबाईने जाताना कुठे दडवून ठेवले असतील आणि हिने ते शोधले असतील. मग भाजले कुठे? चूल तर मी सकाळी राखेने पुरती विझवून जातो. तोंडचं पाणी पळालं. घरात विस्तव पेटवत असेल तर संपलंच. आजपासून काड्यापेटी माझ्या खिशात.

रात्री जेवलीही नाही नीट. पोट भरलंय म्हणाली.

सोमवार, १५ डिसेंबर

सखुबाईचा निरोप आला. नातू झाला, पण मुलगी अंथरुणाला खिळली आहे. ती काही आता यायची नाही, दुसरी बाई बघा. इथे कोण दुसरी येणार? तीन घरी विचारून आलो. वेड्या बाईपाशी दिवसभर कोण बसेल, म्हणाले. तोंडावर म्हणाले. हिला वेडी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सायकल हातात धरून तसाच चालत घरी आलो.

झडप आहे म्हणून चाललंय. नाहीतर काय झालं असतं!

गुरुवार, १८ डिसेंबर

आजचं आजच लिहून काढतो.

दुपारी फाटकावरचा राघो गेटमन धक्क्यावर आला होता, त्याचं काही पार्सल यायचं होतं. शहाडच्या फाटकावर तो किती वर्षं आहे, पण माझी-त्याची ओळख रामरामापुरती. पार्सल घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "बाबू, तुमची बाय लय गुनाची हाय. रोज मला इचारते, जेवलास काय रे?"

मी म्हटलं, "कोणाची बाय?"

"तुमची. त्या वाघाएवढ्या कुत्र्याला घेऊन रोज फाटक वलांडते. सांजच्याला परत. मी बोल्लो, फिराया जात असंल."

मी म्हटलं, राघो, तुझी काहीतरी चूक होतेय, माझी बायको घरात असते. कुलपात असते हे शब्द तोंडाशी आले होते, गिळले. तो म्हणाला, "कुत्रा तरी एकच हाय ना बाबू तसला?"

मग मी विचारलं, गाडी येत असेल तर? तो म्हणाला, "मी उभा असलो तर थांबवतो ना बायला. मी जेवाया गेलो असलो तर मग देव जाने."

टिपणीसांना नुसतं "येतो" म्हटलं आणि सायकल हाणली. पुढचं कुलूप जसंच्या तसं. मागचंही. आत कोणी नाही. उंबरठ्यावर हळद ओली होती आणि दोन जास्वंदी. कुसळं, गुडघ्यांवरची माती, पापड, ओरखडा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. रोज समोर होतं. साप-मुंगसापर्यंत विचार केला मी, आत कोण कोण शिरेल याचा. बाहेर कोण जाईल हे डोक्यात आलं नाही. बिरू नव्हता शिकला त्या दिवशी. ही शिकली होती, आणि हिने त्याला शिकवलं.

फाटक ओलांडून बराकींत गेलो. कुठे शोधणार, हजारो माणसं. मग एका बराकीच्या पायरीवर बिरू दिसला, पुढचे पाय पसरून, घर त्याचंच असल्यासारखा. आत बाजेवर ही बसलेली, हातात पाण्याचा पेला, पुढ्यात बशीत पापड. एक सिंधी बाई चटईवर बसून पापड लाटत होती.

मी दारातच धापा टाकत उभा. ती बाई म्हणाली, "आप माई के कौन?"

"पती," म्हटलं.

"माई रोज़ आती है. बोलती है, ये हमारा घर है. हमने बोला, हां माई, बैठो." तिने पदराने कपाळ पुसलं. "सिंध में हमारा भी घर था. अभी उसमें कोई और बैठा होगा. हमारी सास भी वहां जाने का बोलती थी, मरने तक बोलती थी."

तिचं नाव कलावती. मी माफी मागत होतो, कशाची ते मलाही कळत नव्हतं. तिने मलाही पाणी आणि पापड दिला. त्यांच्यात आल्यागेल्याला तोच मान.

हिला म्हटलं, चल घरी. ही म्हणाली, "घरीच तर आहे." दिवस कलल्यावर बिरू उठला, अंग झाडलं आणि चालायला लागला, तशी ही त्याच्यामागे मुकाट्याने निघाली. माझ्यामागे नाही. मी सायकल घेऊन दोघांच्या मागे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पहाटे झडपेवर दोन फळ्या आडव्या ठोकल्या. ही अंथरुणावर गुडघे जवळ घेऊन बघत होती. बिरूला आज बाहेर ठेवलं. आला प्रसंग, दुसरं काय करणार? कसाऱ्याकडची मेल राघोच्या जेवणाची वाट बघत थांबत नाही. मी रेल्वेतला माणूस आहे, रुळांवरून काय काय उचलावं लागतं ते मला माहीत आहे.

मंगळवार, २३ डिसेंबर

चार दिवसांत ही दोन घास जेवली असेल. ठोकलेल्या फळ्यांसमोर बसून असते. सकाळी त्यांनाच हळदीकुंकू लावते. बाहेर बिरू फळ्यांवर नखं घासत होता, आत ही हात ठेवत होती. काल हिच्या बोटांत लाकडाची कुसं घुसलेली होती, फळी उपटायला गेली असणार. नख तुटलंय.

बिरूला परवा पुन्हा आत घेतलं. काल त्याने घरात घाण केली. पहिल्यांदा. मी आलो तेव्हा कोपऱ्यात तोंड करून बसला होता, माझ्याकडे बघेना. मी त्याला रागावलो नाही, साफ केलं.

आज दुपारी धक्क्यावरच्या साहेबाच्या हातापाया पडून अर्धा दिवस मागून घेतला. हिला म्हटलं, मी नेतो तुला, चल. पुढच्या दाराचं कुलूप काढलं, हात धरला. दारापर्यंत आली आणि थबकली. उंबरठ्याकडे बघून म्हणाली, "लोकांच्या दाराने कशाला जाऊ?"

"लोकांचं काय? आपलंच दार आहे हे."

"पूजा नाही, काही नाही. रिकाम्या घराचं दार आहे हे," म्हणाली आणि हात सोडवून पुन्हा फळ्यांपाशी जाऊन बसली.

तिथे उंबरठा मी घालून दिला. पूजा मीच करू दिली आणि वर कौतुक केलं. नुसतं भोक ठेवलं असतं तर हिने ढुंकून पाहिलं नसतं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

राघोला भेटलो. म्हणतो, बाबू मी लक्ष ठेवीन, पन माझी ड्यूटी बदलते, नवा गेटमन कोन येईल ठावं नाही. कलावतीकडे गेलो. ती म्हणते, माई आली तर बसवून घेईन, पण मी इथून उठून तुमच्या घरी कशी येऊ, तीन पोरं आहेत, पापड दुकानात पोचवायचे असतात. दोघंही चांगली आहेत. चांगल्या माणसांकडूनही काही होत नाही, हे कळायला मला एवढं वय व्हावं लागलं.

राजीनामा द्यायचा विचार केला. एक वर्ष आधी सोडली तर हातात काय येणार आणि मग हिचं औषध, बिरूचं, माझं? साहेब म्हणाले, विचार करा, घाई करू नका. घाई!

हिने आजही पाण्यावर दिवस काढला.

रविवार, २८ डिसेंबर

आज सुट्टी. सकाळी उठून फळ्यांचे खिळे उपटले.

आवाज ऐकून ही आली. बघत उभी राहिली. मग न सांगता न्हाली, केस विंचरले, करंडा आणला. उंबरठा पुसला. हळद, कुंकू, फुलं. घराकडे वळून म्हणाली, "येते हं." कुणाला म्हणाली कोण जाणे, मी तर तिच्या मागेच उभा होतो. मग पदर आवळून ओणवी झाली आणि इतक्या सहज बाहेर गेली की मी बघतच राहिलो. बिरू तिच्यामागे.

पुढचं कुलूप काढून वळसा घालून जाता आलं असतं. किल्ली खिशात होती. पण हिचं दार हे आहे, तर म्हटलं आपणही याच दाराने जावं. धोतर वर खोचलं आणि झालो ओणवा. डोकं गेलं, खांदे गेले आणि पोट अडकलं. बिरूच्या मापाचं दार, त्यात हा रेल्वेचा बाबू! ना पुढे, ना मागे. पाठीवर झडप आपटतेय, समोर बिरू माझं तोंड चाटतोय. कोणी पाहिलं असतं तर उद्या धक्क्यावर तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी गुडघा पुढे घेऊन जोर लावला.

"अहो! गुडघा कुठे ठेवलात? उंबरठ्यावर? काही रीतभात आहे की नाही! आत्ता पूजा केलीय मी!"

तोच आवाज. अगदी तोच. या आवाजाने हिने मला सत्तावीस वर्षं झापलंय, ओल्या पायांनी आलो म्हणून, चहा सांडला म्हणून. मी तसाच अडकून पडलो आणि मला रडू कोसळलं. हुंदके देऊन रडलो. कुत्र्यासमोर, हिच्यासमोर. मला वाटलं, आली. परत आली.

"द्या हात," ती म्हणाली. दोन्ही हातांनी ओढलं. आठवडाभर धड न जेवलेल्या बाईत एवढा जोर कुठून आला! सदरा फाटला, पण निघालो. तिने माझ्या अंगावरची माती झटकली, मला नीट न्याहाळलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कुणाकडे आलात आपण?"

मी माझं नाव सांगणार होतो. तिचं, मी ठेवलेलं, तेही सांगणार होतो. काय उपयोग.

"शकूकडे," म्हटलं. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं.

ती लाजली. पदर सारखा केला. "मीच की. पण घर पुढे आहे. रूळ लागतात मध्ये, सांभाळून या हं." आणि पुढे चालायला लागली.

फाटकावर राघोने तिला थांबवलं, मालगाडी गेली, मग सोडलं. "जेवलास का रे?" तिने विचारलं. बराकीत कलावतीने तिला पाणी दिलं, मला पाणी दिलं. ही बाजेवर न बसता चटईवर बसली, माझ्यापासून लांब, मान खाली घालून. मग हळूच माझ्याकडे बोट करून कलावतीला म्हणाली, "हे मला बघायला आलेत."

कलावतीला एवढी मराठी कळली नाही. तिने मला आणखी एक पापड दिला. ही चोरून बघत होती मला आवडतो की नाही. मी म्हटलं, छान झालाय. तिने मान आणखी खाली घातली.

दिवस कलल्यावर बिरू उठला, तसे परत आलो. येताना मी पुढच्या दाराने आलो, ती तिच्या. दूधभात पोटभर जेवली आहे, आता झोपली आहे, बिरू उंबरठ्याला डोकं लावून पडलाय. हातोडी आणि खिळे मी त्याच्याशेजारी आणून ठेवलेत. उद्या पहाटेची ड्यूटी आहे, आणि राघो उद्यापासून दुसऱ्या फाटकावर. खिळे मारायचे की नाही, मला काही सुचत नाही.